टोमॅटोचं औषध

विटालिना ही माझ्या धाकट्या भावाची बायको. आलोइसनं तिला लग्न करून आणलं तेव्हा आमची आई म्हणाली होती, "ही काडीसारखी पोरगी टोमॅटोचे खोके उचलणार कशी?" तिनं उचलले. आमच्या किदेवे गावाच्या उतारावर जेवढे मळे आहेत, त्यात सगळ्यात नेटका मळा तिचा असायचा. ती सातवीपर्यंत शिकलेली. रविवारी चर्चमध्ये वाचायला फादर तिलाच उभं करायचे, कारण ती कुठे अडखळत नसे. हे मुद्दाम सांगते. नंतर लोक म्हणायला लागले, अडाणी बाई, तिला काय कळणार. अडाणी नव्हती ती.

त्यांची थोरली तुमसिफू, आम्ही तिला सिफू म्हणायचो. पाठची ऑलिवा तेव्हा अंगावर पीत होती. शाळेत पोरींची डोकी भादरलेलीच असतात, पण त्या वर्षी सिफूच्या वर्गावरच्या बाई आजारी पडल्या, मागे लागायला कुणी उरलं नाही, आणि पोरीचे केस चांगले बोटभर वाढले. ख्रिसमसला ती चर्चच्या गायकांत पहिल्या रांगेत उभी राहणार होती. वेण्या घालायच्या, बारीक बारीक, मागे वळवून, असं तिनं ठरवून टाकलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला डोकं वाकवून दाखवायची, "बघ, वाढले की नाही?"

डिसेंबरात मकाम्बाको शहरातून पाहुणी पोरं राहायला आली, आणि ती गेली तेव्हा सिफूच्या डोक्यात उवा ठेवून गेली. विटालिना म्हणाली, "काढून टाकते सगळे केस." सिफूनं असा हंबरडा फोडला की मी माझ्या चहाच्या टपरीवरून धावत गेले. आलोइस अंगणात फवारणीचा पंप धूत होता. तो हसला, "अगं, राहू दे ना ख्रिसमसपर्यंत. एवढीशी पोर, एवढीशी हौस." विटालिनाही हसली. "बापाची लाडकी," म्हणाली. "बघते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलोइस मळ्यात होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत टोमॅटोवर मारायच्या औषधाची बाटली होती. आमच्याकडे तापाचं ते औषध, जखमेचं ते औषध आणि टोमॅटोचं तेही औषध. सगळ्याला एकच शब्द. विटालिनानं बाटली हातात घेतली, वळवून वळवून पाहिली. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, आणि भाषा दोन, दोन्ही परक्या. आपल्या स्वाहिलीत एक ओळ नाही. एक चित्र होतं, उताणा पडलेला किडा, पाय वर केलेला. खाली लाल पट्टा होता. सोड्याच्या बाटलीलाही लाल पट्टा असतो. तिनं चित्र वाचलं. किडे मरतात. खोबरेल तेलात थोडं कालवून तिनं ते पोरीच्या डोक्याला चोळलं आणि वरून अंगावरचं कांग्याचं कापड घट्ट गुंडाळलं, उवा आतल्या आत मराव्यात म्हणून. सिफूला म्हणाली, "बस जरा सावलीत. केस राहतील तुझे."

मला हाक आली तेव्हा मी मांदाझीचे गोड वडे तळत होते. कढई तशीच सोडून पळाले. सिफू अंगणात कुशीवर पडली होती. तोंडातून लाळ वाहत होती, हातपाय थरथरत होते, झगा घामानं चिंब. डोळ्यांतली बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. विटालिना तिचं डोकं पुसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ऊन लागलं हिला. फाउस्ताताई, ऊन लागलंय."

मोटरसायकलवाल्याला थांबवलं, पोरीला मध्ये धरलं आणि दवाखाना गाठला. सांगा नावाचा तरुण डॉक्टर बाहेरच आला.

"काय प्यायली?"

"काही नाही. डोक्याला औषध लावलंय."

"कसलं औषध?"

"टोमॅटोचं," विटालिना म्हणाली.

डॉक्टर पुढे सरसावला. पोरीला उचलून थेट मोरीत नेलं. डोक्यावर पाणी, साबण, पुन्हा पाणी. मग कात्री घेतली आणि केस भराभरा कापून टाकले. होतं ते इंजेक्शन दिलं. म्हणाला, "इरिंगाच्या मोठ्या इस्पितळात न्या. आत्ताच्या आत्ता." रस्त्यावर टोमॅटोचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर ओळखीचा. त्यानं पुढची सीट रिकामी करून दिली.

ट्रकमध्ये सिफू थोडी शुद्धीवर आली. हात डोक्याकडे नेला. जीभ जड झाली होती, तरी कळलं आम्हाला.

"आई, माझे केस कापले?"

"वाढतील गं," विटालिना म्हणाली. "वाढतील, बाळा. लवकर वाढतील."

उतार संपून सपाटी लागते तिथं तिचा श्वास थांबला. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं आणि वेग कमी केला. विटालिना ओरडली, "हळू का चालवतोस? चालव!" तो बिचारा चालवत राहिला. इरिंगापर्यंत त्यानं गाडी पळवली, पोर गेलेली असताना.

पुरण्याच्या दिवशी सगळा गाव आला. आमची आई मातीच्या ढिगाऱ्यापाशी मोठ्यानं म्हणाली, "आपल्या हातानं मारलीस. आपल्या हातानं चोळलंस." मी आईला धरून बाजूला नेलं, "गप्प बस गं, तोंड आवर." पण शब्द बाहेर पडला होता. आलोइस तिथंच उभा होता. एक अक्षर बोलला नाही. विटालिनाला वाटलं, तोही हेच म्हणतोय.

डॉक्टर सांगा पाठोपाठ घरी आला. पोलिसांना बाटली द्यायची होती. विटालिनानं त्याचा हात धरला. "डॉक्टर, त्यावर काय लिहिलंय ते मला सांगा."

"राहू दे, बाई."

"सांगा."

त्यानं उन्हात धरून वाचलं आणि आपल्या भाषेत सांगितलं. विषारी आहे. अंगाला लागू देऊ नका. लागल्यास ताबडतोब धुवा. माणसांवर, जनावरांवर वापरू नका. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "हे कुठल्या ठिकाणी लिहिलंय?" त्यानं बोट ठेवलं. तिनं डोळा अगदी जवळ नेला. त्या काळ्या रेघेकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

त्यानंतर तिनं औषध हा शब्दच टाकला. मळ्यात कुणी म्हणालं की उद्या औषध मारायचंय, तर ती उठून आत जायची. पावसाळ्यात ऑलिवाला ताप भरला. दवाखान्यातून गोड सिरप आणलं, चमचाभर पाजायचं. विटालिना बाटली हातात घेऊन बसली, चमचा भरायची आणि पुन्हा बाटलीत ओतायची.

"ताई, मला नाही जमत. तू पाज."

"अगं, साधं तापाचं आहे. डॉक्टरनं स्वतः दिलंय."

"तेच तर. तेही असंच बाटलीत होतं."

मग मी पाजायचे. टपरी बंद करून सकाळ-संध्याकाळ जायचे. आलोइस दारात उभा राहून बघायचा. दोघं एका घरात राहत होते, एका ताटातली मक्याची उगाली खात होते, पण पोरीचं नाव दोघांत निघत नव्हतं. मी आलोइसला एकदा झापलं, "अरे, बायकोशी दोन शब्द बोल. दगड आहेस का?" तो म्हणाला, "काय बोलू? तिच्याकडे बघायचीच हिंमत होत नाही." मी समजले, रागावलाय. माझंही तेच चुकलं, जे तिचं चुकलं.

बायका दयेपोटी तिला ऑलिवाची आई म्हणायला लागल्या. थोरल्या लेकराच्या नावानं आईला हाक मारायची, ही आमची रीत. थोरलं नाही, म्हणून धाकटीचं नाव. नळावर पहिल्यांदा कुणीतरी तशी हाक मारली तेव्हा तिनं बादली खाली ठेवली. "मी सिफूची आई आहे," म्हणाली. "मरेपर्यंत." पुन्हा कुणी तशी हाक मारली नाही.

डॉक्टर सांगानं वर कळवलं होतं. एकटी सिफूच नव्हती, आजूबाजूच्या खोऱ्यांतूनही असं होत होतं. कुणी खरजेला लावलेलं, कुणी ढेकणांसाठी गादीवर ओतलेलं, कुणी रिकाम्या बाटलीतून पाणी प्यायलेलं. सरकार नवा नियम करत होतं. फवारणीची कुठलीही बाटली विकायची तर तिच्यावर स्वाहिलीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांनी सांगितलेलं असलं पाहिजे. आणि ते लिहिलेलं लोकांना समजतं की नाही, हे आधी लोकांनाच विचारून बघायचं. म्हणून म्वाजाबू नावाच्या एक अधिकारीबाई आमच्याकडे आल्या. डोक्यावर ओढणी, पायात चिखलाचे बूट, आवाज मोकळा. सोबत औषधं विकणाऱ्या कंपन्यांचा एक माणूस होता, इस्त्रीचा सदरा घातलेला.

चर्चच्या पडवीत सगळे जमले. म्वाजाबूबाईंनी मोठे कागद भिंतीला लावले, एकेक चित्र.

"हे काय वाटतं?" तोंडाला फडकं बांधलेला माणूस होता.

"चोर," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"अहो, नीट बघा."

"नीटच बघतोय, बाई. दुकान फोडायला निघालाय."

मग कवटी आणि दोन हाडं आली. आमचे म्हातारे किहवेले बाबा म्हणाले, "इथं मेलेलं माणूस पुरलंय." एक बाई म्हणाली, "छे, मांत्रिकाकडची खूण आहे." नळाखाली धरलेले हात दाखवले तर एकानं सांगितलं, "हात धुऊन घ्यायचं, म्हणजे प्रसादासारखं." म्वाजाबूबाई हसत नव्हत्या. प्रत्येक उत्तर लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "चूक तुमची नाही. चित्र काढणाऱ्याची आहे. जे तुम्हाला कळत नाही ते बाटलीवर जाणार नाही."

मग शब्दांवर आलं. वरती सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय लिहायचं? बाईंचं म्हणणं, विष. इस्त्रीचा सदरा उठून उभा राहिला. "असं कसं? हे पिकाचं औषध आहे. विष लिहिलं तर घेणार कोण?"

किहवेले बाबा म्हणाले, "ज्याला किडे मारायचेत तो घेईल. ज्याला खोकला झालाय तो नाही घेणार."

पुन्हा हशा झाला. त्यातच मी पाहिलं, विटालिना उठली होती. ऑलिवा तिच्या पाठीला बांधलेली. इतका वेळ ती खांबाआड बसली होती. ती आली आहे हेच मला माहीत नव्हतं. आलोइस पुरुषांत, अगदी मागे.

म्वाजाबूबाई म्हणाल्या, "या ना, ताई. हे नवं लेबल. मोठ्यानं वाचाल का? आणि काय कळलं ते सांगा." त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. खोऱ्यात एक पोर गेली एवढं ठाऊक होतं. कुणाची, ते नाही.

विटालिनानं कागद हातात घेतला आणि रविवारी वाचते तसं स्वच्छ वाचलं. "विष. अंगाला लावू नका. केसांना लावू नका. उवा, खरूज, ढेकूण यांच्यासाठी वापरू नका. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. अंगावर सांडल्यास साबणानं धुवा आणि बाटली घेऊन लगेच दवाखान्यात जा."

शेजारी चित्र होतं. लहान मुलाचं डोकं, त्यावर थेंब, आणि सगळ्यावर मारलेली मोठी लाल फुली.

"वा!" म्वाजाबूबाई खुश होऊन म्हणाल्या. "एका दमात! आणि काय समजलं?"

"समजलं," विटालिना म्हणाली. "सगळं समजलं."

पडवीत कुणी हलेना. बाई गोंधळून आमच्याकडे बघायला लागल्या.

"बाई," विटालिना म्हणाली, "हे वाचायला मला कितीसा वेळ लागला?"

"अगदी थोडा."

"त्या दिवशी मी बाटली हातात धरून याहून जास्त वेळ उभी होते. वळवून वळवून बघत होते. काहीतरी लिहिलं असेल म्हणून शोधत होते. मी आंधळेपणानं नाही लावलं हो. मी शोधलं होतं. हे असतं तर मी बाटली खाली ठेवली असती. केस कापले असते. ती रडली असती, दिवसभर रडली असती, आणि मग जेवली असती."

तिचा आवाज चढला नाही. ती तशीच उभी राहिली, कागद हातात घेऊन. ऑलिवा पाठीवर झोपलेली. म्वाजाबूबाई जवळ आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी नुसता विटालिनाच्या कोपराला हात लावला. इस्त्रीचा सदरा खाली बसला. तो वाईट माणूस नसावा. त्यालाही पोरंबाळं असतील.

आलोइस पडवीतून निघून गेला. मी त्याच्या मागे गेले. तो चर्चच्या विहिरीपाशी उकिडवा बसला होता. मी बोलायच्या आत विटालिनाच तिथं आली.

तो खाली बघत म्हणाला, "खिडकीत मी ठेवली होती."

"काय?"

"बाटली. दुकानदार म्हणाला होता, जपून, कडक आहे. मी घरी आणली, भूक लागली होती, म्हणून स्वयंपाकघरात आलो आणि खिडकीत ठेवली. उद्या उचलू म्हटलं. तुला सांगितलंही नाही कडक आहे म्हणून. आणि केस राहू दे असं मीच म्हणालो. एवढे दिवस तुला हे सांगायचं होतं, आणि तू मला घालवून देशील म्हणून..."

"मला वाटलं तू मला दोष देतोस."

"तुला कशाला?"

"लावलं मी, आलोइस."

"ठेवली मी."

विटालिना त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तेव्हा माझा भाऊ रडला. पुरण्याच्या दिवशी रडला नव्हता, तो सगळा आत्ता रडला, तिच्या खांद्यात तोंड खुपसून, लहान पोरासारखा. मी ऑलिवाला तिच्या पाठीवरून सोडवून घेतलं आणि तिथून निघून आले.

नियम व्हायला बराच काळ गेला. कंपन्यांनी हरकती घेतल्या. लहान बाटलीवर एवढा मजकूर मावत नाही, छपाई परवडत नाही, उवांचं कशाला लिहायचं, आमचं औषध उवांसाठी नाहीच. म्वाजाबूबाईंनी विटालिनाला राजधानीत, डोडोमाला, समितीसमोर बोलवलं. मी सोबत गेले. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, पंखा. ती फार बोलली नाही. एका साहेबानं विचारलं, "उवांची ओळ काढली तर चालेल का? जागा कमी आहे." ती म्हणाली, "कंपनीचं नाव बारीक करा." साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "ओळ राहील."

ओळ राहिली. पुढच्या हंगामात दुकानात नव्या बाटल्या आल्या. वर विष, खाली ती चित्रं. तोंडाला फडकं बांधलेल्या माणसाच्या पाठीवर आता पंप काढलाय, त्यामुळे त्याला कुणी चोर म्हणत नाही. आणि ते मुलाचं डोकं, लाल फुलीचं. आलोइसनं टोमॅटो सोडले. सूर्यफूल लावतो, मका लावतो. मिळकत कमी झाली, पण घरात ती बाटली नको, असं दोघांनी मिळून ठरवलं.

मला वाटलं, आता तरी थोडं बरं वाटेल तिला.

गेल्या महिन्यात खालच्या वस्तीतली स्कोलास्टिका माझ्या टपरीवर आली. विटालिना तिथंच शेंगा सोलत बसली होती. स्कोलास्टिकानं येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"सिफूची आई, तुला सांगायलाच आले. माझ्या सासूनं नातीच्या डोक्यासाठी ती बाटली काढली होती. तेलही काढून ठेवलेलं. मी वाचलं, ते चित्र बघितलं, हिसकावूनच घेतली हातातून. तुझ्यामुळे माझी पोर वाचली गं. देव तुझं भलं करो."

विटालिनानं तिला मिठी मारली. "बरं झालं," म्हणाली. "फार बरं झालं. पोर कशी आहे?"

"उड्या मारतेय. डोक्याचा गोटा केलाय, माझ्याशी बोलत नाही."

दोघी हसल्या. स्कोलास्टिकानं चहा घेतला आणि गेली. विटालिना पुन्हा शेंगा सोलायला लागली. सोललेले दाणे टरफलांत टाकत होती आणि टरफलं पातेल्यात. मी तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"ताई," ती म्हणाली, "मला आनंद व्हायला हवा ना?"

"झालाच असेल की."

"झाला. खरंच झाला. पण ती बोलत होती ना, तेव्हा मला तिचा राग आला. तिच्या हातात ती बाटली नीट लिहिलेली आली. माझ्या हातात आली तेव्हा कोरी होती. का? ती का नंतर, आणि मी का आधी?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "असं वाटणं पाप आहे का गं?"

 मी तिच्या मांडीवरची टरफलं झटकली. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

"पाप नाही," मी शेवटी म्हणाले. पण ते मला ठाऊक होतं म्हणून नाही. ती वाट बघत होती म्हणून.